आवक, जावक आणि शिल्लक

मळवली स्टेशनात उतरावे, भाजे गावावरून चढण चढत जावे, म्हणजे लोहगड आणि विसापूर या दोन गडांमधल्या खिंडीपाशी लोहगडवाडी लागते. श्रावणात जो कोणी इथे आला असेल त्याला ‘पाण्याची टंचाई’ हे शब्द सांगूनही पटणार नाहीत. कड्यावरून पाणी, वाटेवरून पाणी, वळचणीला पाणी, आणि चुलीमागे वाळत घातलेली फाटीसुद्धा दमट. शेजारच्या लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्याला पडतो सातशेच्या आसपास. अंतर काय ते पासष्ट किलोमीटर. म्हणजे पुण्याचा पाच-सहा वर्षांचा पाऊस घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात ओतला जातो. आणि तरीही मावळ-मुळशीच्या कितीतरी उंचावरच्या वाड्यांवर चैत्र उजाडला की बायाबापड्यांना हंडा घेऊन दरी उतरावी लागते.

एवढे पाणी जाते कुठे? हा प्रश्न पारावर निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, पाऊसच पहिल्यासारखा राहिला नाही. दुसरा म्हणतो, पाऊस आहे तेवढाच आहे, वरच्या अंगाला बंगले झाले, त्यांनी बोअर मारल्या, आपला झरा त्यांनी तोडला. कधीकधी हे भांडण हमरीतुमरीवर येते. दोघेही आपापल्या आठवणीवर बोलतात, आणि आठवण ही फार लबाड वस्तू आहे. ज्या वर्षी घरात लग्न होते त्या वर्षीचे पाणी आठवते, मधली सहा वर्षे पुसून जातात.

हे भांडण मिटवायची एक रीत आहे. तिला ना यंत्र लागते ना कॉलेजचे शिक्षण. हीच रीत डॉक्टर वापरतात, किडींचा अभ्यास करणारे वापरतात, जुनी गावे खणून काढणारेही वापरतात. काळाबरोबर एखादी गोष्ट कशी बदलते हे पाहायचे झाले, मग ती गोष्ट झरा असो, रोगाची साथ असो की तुडतुड्यांचा हल्ला असो, हे सगळे विद्वान शेवटी वाण्याची वही उघडून बसतात. आवक किती, जावक किती, शिल्लक किती. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन गेलेल्या माणसाला हे शब्द शिकवायला नकोत. आवक जावकेपेक्षा जास्त असेल तर ढीग वाढतो, कमी असेल तर घटतो, दोन्ही सारखी असतील तर ढीग आहे तेवढाच दिसतो, जरी रोज शंभर पोती येत-जात असली तरी. यात कसले आले शास्त्र, असे कोणी म्हणेल. शास्त्र आहे ते पुढच्या प्रश्नात: ही जावक कशावर ठरते?

त्यासाठी आधी गडावर चला. लोहगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. न चिरलेल्या कातळातले टाके म्हणजे दगडाचा रांजणच. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते. पाऊस गेला की आवक बंद. माणसांनी उपसले नाही तर जावक एकच, उन्हावाऱ्याने होणारी वाफ. आता ऊन काही टाक्यात डोकावून पाणी किती आहे ते पाहत नाही. पाणी पुरुषभर असो की गुडघाभर, वरून उडायचे तेवढेच उडते. समजा रोज पाच मिलिमीटर उडाले. थंडीत थोडे कमी, वैशाखात थोडे जास्त. सात महिन्यांत झाले एक हजार पन्नास मिलिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. याचा अर्थ साडेतीन फूट खोलीचे उथळ टाके कोणी थेंब न घेताही ज्येष्ठापर्यंत कोरडे पडणार, आणि खोल टाके टिकणार. जुन्या लोकांनी बऱ्याच ठिकाणी टाकी खोल खोदली, तोंड लहान ठेवले, काही तर कड्याच्या पोटात सावलीला नेली. त्यांनी जावक ओळखली होती. अशा टाक्यात काठी उभी करून दर आठवड्याला खूण केली तर खुणांमधले अंतर जवळजवळ सारखे येते. शिल्लक सरळ उतरत जाते, जिना उतरावा तशी.

आता गडाखालच्या झऱ्यापाशी या. इथला हिशेब निराळा आहे.

आपला हा डोंगर म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हारसाचे थर, एकावर एक भाकरी ठेवावी तसे. यातला ताजा काळा पाषाण पाणी पीत नाही. पाणी राहते ते कुजलेल्या खडकात, मुरमात, दोन थरांमधल्या सांध्यात आणि भेगांत. जागा थोडी, म्हणून साठाही थोडा. चार हजार मिलिमीटरमधला मोठा वाटा तर मुरायलाच जागा न मिळाल्याने ओढ्याने इंद्रायणीकडे किंवा पवनेकडे पळतो. जे मुरते ते झऱ्याच्या तोंडाने बाहेर येते. आणि इथे जावक शिल्लकेवर ठरते. बुडाला भोक पडलेला रांजण डोळ्यांपुढे आणा. काठोकाठ भरलेला असताना धार जोरात, अर्धा झाल्यावर धार मंद, तळाला गेल्यावर ठिबक. साठा जास्त तर दाब जास्त, दाब जास्त तर झरा मोठा. जसजसे पाणी कमी होते तसतसे ते कमी होण्याचेही कमी होत जाते.

अशा हिशेबाची एक खूण आहे. ठराविक दिवसांत धार निम्मी होते, पुन्हा तेवढ्याच दिवसांत निम्म्याची निम्मी, पुन्हा तेवढ्याच दिवसांत त्याची निम्मी. हे मोजायला एक कळशी पुरे. समजा दिवाळीला, एक नोव्हेंबरच्या सुमारास, झऱ्याखाली लावलेली कळशी वीस सेकंदांत भरते. डिसेंबरअखेर चाळीस सेकंद लागले, तर निम्मे होण्याचा काळ साठ दिवसांचा. मग मार्च लागताना, शिमग्याच्या आसपास, ऐंशी सेकंद लागणार आणि एप्रिलअखेर दोन मिनिटे चाळीस सेकंद. म्हणजे अक्षय्य तृतीयेला पाणवठ्यावर किती वेळ उभे राहावे लागेल हे थर्टीफर्स्टचे पाहुणे गडावर यायच्या सुमारालाच कळते. भातामागे हरभरा किती पेरावा हे ठरवायला तेव्हा थोडा उशीर झालेला असतो खरा, पण दोन वर्षांच्या नोंदी हाती असल्या तर तोही दिवाळीलाच ठरवता येतो. जनावरे किती ठेवावीत, मांडव कोणत्या महिन्यात घालावा, सगळे यातच आले.

बायकांना हे ठाऊक असते, फक्त आकड्यांत नसते. “दिवाळीला बोलता बोलता कळशी भरती, शिमग्याला सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्या तरी भरत न्हाई,” हे वाक्य कोणत्याही वाडीवर ऐकायला मिळेल. हे मोजमापच झाले. त्याला फक्त तारीख आणि सेकंद जोडायचे आहेत.

आता पारावरचे भांडण घ्या. पाऊस कमी झाला असेल तर काय होईल? पावसाळ्याअखेर साठाच कमी असेल. दिवाळीची कळशी वीसऐवजी तीस सेकंदांत भरेल. पण डोंगर तोच, भेगा त्याच, भोक तेवढेच, म्हणून निम्मे होण्याचा काळ साठ दिवसांचाच राहील. तीसचे साठ डिसेंबरअखेर, एकशेवीस मार्चच्या सुरुवातीला. आणि वरच्या अंगाला कोणी बोअर मारून रोज उपसा केला तर? तेव्हा दिवाळीची कळशी पूर्वीसारखीच वीस सेकंदांत भरू शकेल, कारण भर पावसाळ्यात साठा तुडुंब असतो. पण रांजणाला दुसरे भोक पडलेले आहे. निम्मे होण्याचा काळ साठावरून, समजा, चाळीस दिवसांवर येईल. मग वीसचे चाळीस अकरा डिसेंबरलाच, ऐंशी वीस जानेवारीला, आणि मार्च लागताना दोन मिनिटे चाळीस सेकंद. पूर्वी जे एप्रिलअखेर व्हायचे ते मार्च लागतानाच झाले.

पाहा, सुरुवातीचा आकडा पावसाविषयी सांगतो आणि उतरण्याचा वेग डोंगराविषयी. दोन तटांची दोन गाऱ्हाणी वहीत दोन वेगळ्या रकान्यांत पडतात. अर्थात एका वर्षाच्या नोंदीवरून कोणाच्या अंगावर जाऊ नये. पावसाळा संपल्यावरचे पहिले पंधरा-वीस दिवस सोडून द्यावेत, कारण वरच्या मातीतले पाणी भराभर निथळते आणि हिशेब बिघडवते. अवकाळी पाऊस झाला तर त्या दिवसापासून नवी सुरुवात धरावी. दोन-तीन वर्षे वेग सारखा असून एखाद्या वर्षी तो एकदम बदलला, आणि त्याच वर्षी वर काहीतरी नवे झाले असेल, तर मात्र ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. “आमचा झरा आटला” असे म्हणणे आणि तीन वर्षांच्या तारीखवार नोंदी टेबलावर ठेवणे, यात साहेब लोकांच्या लेखी फार फरक पडतो.

ठराविक काळात निम्मे होण्याचा हाच नियम एका अगदी वेगळ्या शास्त्राने उचलला, आणि त्यावरून आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या फार जुन्या शेतकऱ्यांची हकिगत कळली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीत डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे खोदकाम केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. चुली, रांजण, धान्याची बळदे, घरांच्या जमिनी सगळे सापडले. पण हे किती वर्षांपूर्वीचे? तिथे नाणे नाही, शिलालेख नाही.

उत्तर चुलीतल्या कोळशाने दिले. झाड जिवंत असते तोवर हवेतला कार्बन घेत असते, त्यात कार्बन-१४ नावाचा एक किरणोत्सारी कार्बन अगदी थोडा असतो. तो आपोआप नष्टही होत असतो. झाड जिवंत आहे तोवर आवक-जावक बरोबरीने चालते. कुऱ्हाड पडली की आवक बंद, जावक मात्र चालू, आणि ती झऱ्यासारखीच, शिल्लकेच्या प्रमाणात. निम्मे होण्याचा काळ ५,७३० वर्षांचा. तेहतीसशे वर्षांपूर्वी तोडलेल्या लाकडात सोळा आण्यांपैकी साधारण पावणेअकरा आणे शिल्लक राहते. शिल्लक मोजा, काळ काढा. ही रीत अमेरिकेतल्या विलर्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास बसवली आणि तिच्यासाठी त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशा मोजणीची प्रयोगशाळा निघाली.

तर इनामगावात साधारण इसवी सन पूर्व १६०० पासून ७०० पर्यंत शेतकरी नांदत होते. जव पिकवत, गायीगुरे पाळत, चौकोनी घरांत राहत. पुराचे पाणी वळवायला त्यांनी पाटही काढला होता. मग इसवी सन पूर्व १००० च्या सुमारास सगळे बदलले. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती रोडावली, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली. ढवळीकरांनी याचे कारण पाऊसमान घटले असे मांडले. मला यातली एक गोष्ट नेहमी खटकते. ज्या पिढ्या हा बदल जगल्या त्यांना तो दिसला असेल का? आजोबाने मोठे घर पाहिले, नातवाने झोपडी पाहिली, आणि प्रत्येकाला वाटले असेल की यंदा जरा साल वाईट आहे इतकेच.

जावक दोन प्रकारची पाहिली, एक ठराविक आणि एक शिल्लकेवर ठरणारी. तिसरी जरा गमतीची आहे: एका ढिगाची जावक दुसऱ्या ढिगावर अवलंबून असते. मावळातल्या भातकऱ्याच्या रोजच्या कामाची आहे ही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इटलीजवळच्या एड्रियाटिक समुद्रात मासेमारी फार कमी झाली. उंबर्तो द’अँकोना या प्राणिशास्त्रज्ञाने तिथल्या मासळी बाजारांच्या वह्या तपासल्या. बाजाराच्या आवकेच्याच वह्या बरे का! त्यात त्याला दिसले की युद्धाच्या वर्षांत दुसऱ्या माशांना खाणाऱ्या शिकारी माशांचे प्रमाण वाढले होते. कारण कळेना. त्याने ते कोडे वितो व्होल्तेरा या गणितज्ञापुढे ठेवले. व्होल्तेराने १९२६ साली दोन ढिगांचा हिशेब मांडला. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका यांनी तो आदल्याच वर्षी स्वतंत्रपणे मांडला होता. भक्ष्याची जावक म्हणजे शिकाऱ्याच्या पोटात जाणे, आणि तीच शिकाऱ्याची आवक. हिशेबातून एक विचित्र गोष्ट निघाली. दोघांनाही सारखेच मारत राहिले तर शेवटी नुकसान शिकाऱ्याचे होते आणि भक्ष्य वाढते! मासेमारी थांबली तेव्हा शिकारी का वाढले, याचे उत्तर हे असे उलट बाजूने मिळाले.

आता समुद्र सोडून भातखाचरात या. तपकिरी तुडतुडे हे भक्ष्य, आणि जाळी विणणारे व धावून धरणारे कोळी, मिरिड ढेकूण हे शिकारी. आपण सरसकट औषध फवारतो, दोघेही मरतात. तुडतुड्यांची पिढी महिनाभराच्या आत नव्याने उभी राहते, कोळी मागे पडतो. आवक चालू राहिली आणि जावकेचे दार आपणच लावून घेतले. मग तीन आठवड्यांनी खाचराला पूर्वीपेक्षा मोठा जळका चट्टा पडतो आणि दुकानदार म्हणतो, डोस वाढवा. इंडोनेशियात १९७०-८० च्या दशकांत हेच इतके झाले की १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या सत्तावन्न कीटकनाशकांवर बंदी घातली. औषध कधीच मारू नये असे माझे म्हणणे नाही. पण फवारणीआधी दहा चुडांच्या बुडाशी वाकून पाहावे, तुडतुडे किती आणि कोळी किती. नुसते तुडतुडे मोजणे म्हणजे नुसती आवक लिहिणे.

रोगाच्या साथीचाही हिशेब असाच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्याच वर्षी पुण्याने त्याचा हाहाकार पाहिला. मुंबईत १९०५ च्या डिसेंबरपासून १९०६ च्या जुलैपर्यंत आठवड्यागणिक किती माणसे दगावली त्याचे आकडे सरकारी दफ्तरात होते. भारतात नोकरी केलेले डॉक्टर मॅकेंड्रिक आणि त्यांचे सहकारी केरमॅक यांनी १९२७ साली ते आकडे समोर ठेवून दाखवले की साथ सगळे लोक संपेपर्यंत थांबत नाही असे नाही. लागण होऊ शकेल अशा माणसांचा ढीग एका मर्यादेखाली आला की नव्या लागणीची आवक बऱ्या होणाऱ्यांच्या व मरणाऱ्यांच्या जावकेपेक्षा कमी पडते, आणि साथ स्वतःहून उतरते. प्लेग मूळचा उंदरांचा रोग, म्हणून त्यांचे गणित मुंबईला नीट लागू पडत नाही असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो रास्त आहे. पण रीत टिकली. २०२० साली कोरोनाच्या वेळी रोज टीव्हीवर जे आकडे सांगत होते ते याच घराण्यातले. आपल्या पणजोबांनी उंदीर पडताना पाहिले की गाव सोडून माळावर झोपड्या टाकल्या. त्यांनी ढीगच आगीपासून दूर नेला.

आतापर्यंतचे बदल हळूहळू होणारे होते. एक बदल तसा नाही, आणि कड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तो सगळ्यांत आधी समजून घ्यावा.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खाली आला. दीडशेवर माणसे गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एस.टी.च्या चालकाने; नेहमीच्या जागी गावच दिसेना. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, आपल्या घाटाच्या खालच्याच अंगाला, इर्शाळवाडी गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत.

उतारावरच्या मातीचाही रांजण असतो. पाऊस ही आवक, झरे-पाझर ही जावक. जावक ठराविक वेगानेच होऊ शकते. दिवसामागून दिवस पाऊस लागला आणि वर एखाद्या रात्री धोधो कोसळला की आवक फार पुढे जाते, मातीच्या कणाकणांत पाणी दाटते आणि ते माती आतून उचलून धरते. कातळाला धरून बसलेली मातीची पकड सैल होते. पण वरून काहीच दिसत नाही! शिल्लक वाढत असते, डोंगर तसाच हिरवागार उभा असतो, आणि एका मर्यादेपर्यंत काही म्हणजे काही होत नाही. ती रेघ ओलांडली की मग हळूहळू घसरत नाही, दोन-चार मिनिटांत सगळे खाली. म्हणून “आमच्या आज्या-पणज्यापासून काही झाले नाही” हा पुरावा इथे चालत नाही. झऱ्याच्या बाबतीत कालचा आकडा उद्याचे सांगतो, दरडीच्या बाबतीत कालची शांतता उद्याचे काहीच सांगत नाही.

आणि माणूस त्या रेघेलाच हात घालतो. उताराचा पायथा जेसीबीने खणून सपाट केला, बंगल्याला, वाहनतळाला किंवा खाचराला, म्हणजे डोंगराचा टेकू काढला. पाण्याच्या नैसर्गिक वाटा भरावाने बुजवल्या म्हणजे जावक अडवली. माळीणच्या कारणांत जबर पावसाबरोबर उतारावरच्या सपाटीकरणाकडेही बोट दाखवले गेले. २०२५ च्या जुलैत लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणखी पाहुणे येणार, आणखी जागा मागितली जाणार. पैसा कोणाला नको? पण घराच्या मागचा उतार तोडायचा सौदा करताना तो आपल्याच छपरावर होतो आहे, एवढे पाहावे.

डोंगर काही वेळा सूचना देतो. उतारावर नवी भेग पडते, तिच्यात पाणी शिरताना दिसते. झाडे, विजेचे खांब, कुंपणाचे दगड कलतात. घराची दारे-खिडक्या एकाएकी अडकू लागतात. पूर्वी नव्हता तिथे पाझर फुटतो, स्वच्छ झरा गढूळ होतो, किंवा भर पावसात वाहता झरा अचानक थांबतो. हे शेवटचे सर्वांत वाईट. जावक आत कुठेतरी तुंबली. यातले काही दिसले आणि पाऊस चालू असेल तर सामान आवरत बसू नये, म्हातारी माणसे आणि लेकरे घेऊन उताराच्या वाटेतून बाजूला, शाळेत किंवा पाहुण्यांकडे जावे, आणि तलाठ्याला कळवावे. जनावरांचे दावे सोडून द्यावे.

आवक मोजणे तर घरी होते. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्या रुंदीचा पत्र्याचा उंच डबा घ्यावा, झाडाच्या व छपराच्या पागोळ्यांपासून लांब मोकळ्या जागी घट्ट बसवावा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टी उभी करून पाणी किती मिलिमीटर ते पाहावे, लिहावे, डबा पालथा करून पुन्हा ठेवावा. डबा लहान-मोठा असला तरी आकडा तोच येतो. वेळ साडेआठचीच धरावी, कारण हवामान खातेही तेव्हाच मोजते. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वर गेले की खाते त्याला अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी मानते. घाटमाथ्यावर असे दिवस येतात, म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा मागच्या तीन-चार दिवसांची बेरीज पाहावी.

असल्या साध्या नोंदींची किंमत केवढी होते ते पुण्यातच पाहता येते. १९६२ साली स्थापन झालेली उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था पाषाणला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी देशभरच्या ३०६ ठिकाणच्या पर्जन्यमापकांवरून १८७१ पासूनची पावसाची माळ गुंफली. ती मापे घेणारे बहुतेक साधे कारकून होते. रोज सकाळी छत्री घेऊन बाहेर जायचे, आकडा लिहायचा, परत यायचे. त्यांतल्या एकालाही आपल्या हयातीत त्या माळेचा आकार दिसला नसेल.

झऱ्याची नोंद या वर्षी सुरू करायची असेल तर पाऊस उघडल्यावर पंधरा-वीस दिवस जाऊ द्यावेत आणि मग दर पंधरवड्याला एकदा, पहाटे कोणी पाणी भरायच्या आधी, मोजावे. तोटीऐवजी कर्दळीचे किंवा सागाचे पान लावले तर सगळी धार कळशीत पडते. तीनदा भरून मधला आकडा घ्यावा. घड्याळ मोबाइलमध्ये असतेच. भिंतीवरच्या कालदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात सेकंद लिहावेत आणि वर्ष संपल्यावर कालदर्शिका चुलीत घालू नये. आणि कळशी दरवेळी तीच घ्यावी. पोचा गेलेली असली तरी चालेल, पण मग पुढच्या वर्षीही तीच पोच्याची.